लुगड्याच्या चार घड्या

नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, २७ फूट कापड. पन्हा साधारण पावणेचार ते चार फूट. हे लुगडं लांबीत दोनदा दुमडलं की चार थर होतात आणि प्रत्येक थर पावणेसात फूट लांब भरतो. पाय ताणून झोपलेल्या माणसाला खालीवर थोडी जागा ठेवून पुरेल, एवढं हे माप. म्हणून गोधडी शिवताना टेप लागत नाही. एक जुनं लुगडं घ्या, चार घड्या घाला, घडीच्या पोटात आणखी फाटके-विरलेले कपडे पसरा, कडेने आणि मधून टाके घाला. कापड वाया जात नाही, कात्री जवळजवळ लागतच नाही, आणि आठ-दहा वर्षं अंगावर घेता येईल असं पांघरूण तयार होतं.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात. चार थरांची ती चौघडी. सीमेपलीकडे कर्नाटकात तीच कौदी. गेल्या काही वर्षांत शहरांतल्या पुष्कळ बायका आणि काही पुरुषही गोधड्या, पिशव्या, बटवे, बाळांची दुपटी असं काहीबाही हौसेने शिवू लागले आहेत. त्यांतले बरेच जण सुरुवात करतात ती नवं कापड आणून, त्याचे लहान चौकोन कापून आणि ते पुन्हा जोडून. त्यातही आनंद आहे. पण मला वाटतं, हा छंद मुळापासून शिकायचा तर जुन्या कापडापासून शिकावा. धावदोरा कुणालाही एका बैठकीत येतो. कापडात अजून किती जीव आहे, तो कोणत्या बाजूला आहे, कुठला तुकडा ताण सोसेल आणि कुठला फक्त भर घालायच्या कामाचा, हे कळायला मात्र हात मुरावा लागतो. आपल्याकडच्या गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे हेच ज्ञान होतं आणि ते जुन्या कपड्यांनीच त्यांना शिकवलं.

लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. नऊवारीचा कासोटा मागे खोचलेला असतो. बसता-उठताना, भुईवर काम करताना तिथलं कापड सर्वांत आधी विरतं. पदर आणि काठ मात्र धड राहतात, कारण काठात ताण्याचे धागे दाट भरलेले असतात. मधला भाग विरला की पूर्वी तेवढाच कापून काढत आणि उरलेले दोन्ही तुकडे मध्ये शिवणीने जोडून पुन्हा नेसत. याला दांड घालणं म्हणत. दांड घातलेलं लुगडंही विटलं की ते जुनेर व्हायचं. जुनेरातून मग धड भाग गोधडीच्या वरच्या आणि खालच्या पाखाला, मऊसूत भाग तान्ह्या बाळाच्या दुपट्याला, आणि विरलेला भाग गोधडीच्या पोटात. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांचं फडकं, फडक्याचं पोतेरं. या सगळ्या उतरंडीत प्रत्येक पायरीला एक निर्णय होता: या कापडाकडून आता कोणतं काम मागायचं?

काठांचा वापर पाहा. गोधडी सर्वांत जास्त झिजते ती कडेला. झोपेत तीच कड आपण ओढतो, ती हनुवटीखाली घासते, घडी घालताना तिथेच हात पडतात. लुगड्याचे दाट विणीचे काठ गोधडीच्या चारी बाजूंना लावायची रीत दिसायला सुंदर आहेच, पण झीज जिथे जास्त तिथे कापड बळकट, हा हिशेबही तिच्यात आहे.

कापड ओळखायची पहिली कसोटी उजेडाची. तुकडा खिडकीसमोर धरला की विरलेली जागा जाळीसारखी दिसते. दुसरी कसोटी अंगठ्यांची. दोन्ही हातांचे अंगठे जवळ ठेवून कापड हळूच बाहेर ताणायचं. धागे एकमेकांपासून सरकून फट पडली तर ते कापड वरच्या पाखाला घालू नये. ते आत जाऊ द्यावं. आत गेलेल्या कापडावर थेट ओढ येत नाही, त्याने फक्त जागा धरून राहायचं असतं, आणि ते काम विरलेलं कापडही उत्तम करतं.

तिसरी गोष्ट विणीची दिशा. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. ताण्याचे धागे मागावर सतत ओढीखाली असतात, म्हणून ते सहसा जास्त पीळ दिलेले आणि मजबूत असतात. उभ्या दिशेला कापड ओढलं तर ते जवळजवळ लांबत नाही, आडव्या दिशेला किंचित लांबतं. पण कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, तिरपं ओढलं तर चांगलंच ताणतं, कारण तेव्हा धागे लांबत नसतात, त्यांनी केलेले बारीक चौकोनच तिरके होतात. शिंपी याला उरेब म्हणतात. गोल कडेला गोट लावायचा तर उरेब पट्टीच लागते, ती वळणाबरोबर वळते. पिशवीचा बंद मात्र कधीही उरेब कापू नये. आठवडाभरात तो लांबून गुडघ्याशी येतो. शिवणाचा छंद नुकता लागलेल्यांच्या निम्म्या तक्रारी, म्हणजे चौकोन वाकडे झाले, कड लाटांसारखी उठली, पिशवी एका बाजूला कलली, या इथूनच निघतात. शिवण सरळ असते, कापड तिरपं कापलेलं असतं.

चौथी गोष्ट पाण्याची. नव्या सुती कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते शंभर सेंटिमीटरला तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. जुनं कापड आटून बसलेलं असतं. नव्या पाखात जुनं भरण घालून शिवलं आणि मग धुतलं, तर पाख आखडतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. म्हणून नवं कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. लाल, मरून, गडद निळं असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून रंग जातो का तेही पाहायचं. जुन्या कापडाचा मऊपणाही याच पाण्याचा. शेकडो धुण्यांत खळ निघून जाते, धाग्यांचा ताठपणा सैलावतो, सुटे तंतू झडून जातात. तान्ह्या बाळासाठी आजीचं जुनं लुगडंच काढायचा आग्रह असतो त्यामागे माया आहे, आणि त्या कापडाची कातडीला न टोचणारी पोतही आहे.

आणि शेवटची कसोटी धाग्याच्या जातीची. आज घरात जुनं म्हणून जे निघतं त्यात सिंथेटिक साड्या फार. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. सिंथेटिक साड्यांच्या गोधड्या रंगाला झळझळीत असतात, लवकर वाळतात, वर्षानुवर्षं फाटत नाहीत. पण घाम टिपत नाहीत. बैठकीवर टाकायला त्या ठीक आहेत. अंगाला लागणारी, आणि बाळाची तर नक्कीच, गोधडी सुतीच असावी असं माझं ठाम मत आहे.

आता ऊब. गोधडीत कापूस पिंजून भरलेला नसतो. तो रजईत, दुलईत, गादीत असतो, आणि त्यासाठी पिंजारी धुनकी घेऊन दारी येई. गोधडीत असतात नुसते थर. प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा अडकतो. ही अडकलेली, न हलणारी हवा उष्णता फार सावकाश जाऊ देते. अंगाची ऊब बाहेर पडायला तिला थर, हवा, थर, हवा असा अडथळ्यांचा रस्ता काटावा लागतो. एकच जाड सतरंजी पांघरली तर ती वजनाला भारी होते, पण चार-पाच पातळ थरांइतकी ऊब देत नाही. यातूनच टाक्यांचा एक पेच उभा राहतो. टाका जिथे पडतो तिथे थर एकमेकांवर दाबले जातात आणि हवा निघून जाते. टाके फार दाट घातले तर गोधडी टिकाऊ होते पण चपटी आणि कमी उबदार. फार विरळ घातले तर उबदार होते, पण दोन-चार धुण्यांत आतलं भरण गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतं. बोटभर अंतरावर ओळी घालायची जी रीत दिसते, ती या दोन टोकांमधली आहे.

त्या रीतीचा हिशेब मांडून पाहिला की गोधडीकडे बघायची नजर बदलते. चार फूट रुंद गोधडी, ओळींत २ सेंटिमीटर अंतर, म्हणजे साठेक ओळी. प्रत्येक ओळ दोन मीटरच्या थोडी वर. एकूण शिवण सव्वाशे मीटरच्या आसपास. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून सव्वा सेंटिमीटर धरलं तर दहा हजार टाके! ते एकेक करून घालत नाहीत. सुईवर चार-पाच टाके एकदम भरून मग दोरा ओढतात. पण प्रत्येक टाक्याला सुई सगळ्या थरांतून आरपार गेली आहे ना, हे खाली धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांना कळावं लागतं. थर जास्त असले की साधी सुई वाकते, मग दाभण घ्यावा लागतो.

दोऱ्याचीही एक शहाणीव आहे. दोरा कापडापेक्षा किंचित नरम असावा. जुन्या सुती कापडावर बळकट नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा घातला तर ओढ बसली की दोरा तुटत नाही, तो कापडच कापत जातो. सुती दोरा तुटला तर पुन्हा टाका घालता येतो, चिरलेलं कापड पुन्हा धड होत नाही. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंततो आणि प्रत्येक टाक्यातून घासून घासून झिजतो. मेणाच्या खड्यावरून एकदा फिरवून घेतला तर गाठी कमी पडतात. हातशिलाईच्या सुया घेताना नंबर उलटे चालतात हेही लक्षात ठेवावं: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं याच्या विरुद्ध, तिथे ११ नंबर पातळ कापडाला, १४ साध्या सुतीला आणि १६ जाड थरांना.

गोधडी शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. सुगी संपलेली, पाऊस अजून लांब, भुई कोरडी. सारवलेल्या अंगणात खालचं पाख पसरायचं, सुरकुत्या काढायच्या, कोपऱ्यांवर वरवंटा, दगड असं काहीतरी वजन ठेवायचं, त्यावर भरण, त्यावर वरचं पाख. मग हातभर अंतरावर मोठे कच्चे टाके टाचून सगळे थर एकमेकांना बांधून घ्यायचे. हे टाचण शेवटी काढून टाकायचं असतं म्हणून नवशिके ते टाळतात. ते टाळलं की पुढची सगळी मेहनत वाकडी होते. तिघी-चौघी असल्या तर समोरासमोर बसून चारी बाजूंनी ओळी घेत आत सरकतात. ओळी कडेला समांतर धरल्या की गोधडीवर चौकोनात चौकोन उमटत जातात आणि शेवटची ओळ मधोमध संपते.

याच पद्धतीचं फार देखणं रूप आपल्या शेजारीच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आलेले. पोर्तुगीजांच्या गोव्यातली गुलामी सोडून पळालेले पुष्कळ जण या जंगलांत वसले. त्यांच्या घरच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आणि कन्नडही मिसळलेली आहे. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. अमेरिकी कलाइतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. कवंदीत आधी तुकडे जोडून पाख तयार करत नाहीत. खाली एक मोठं कापड, बहुधा जुनी साडी, पसरायचं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची आणि त्याच धावदोऱ्यात तुकडा, भरण आणि तळ तिन्ही शिवून टाकायचं. मग पुढचा तुकडा. असं कडेकडेने फिरत फिरत मध्याकडे यायचं. तुकडे जोडणं आणि गोधणं ही दोन कामं एकाच टाक्यात होतात, आणि आधी काढलेला नकाशा नसल्यामुळे पुढचा तुकडा कोणता हे हाताशी काय आहे आणि शेजारी कोणता रंग पडलाय यावर ठरतं. शेवटी चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या घातलेले रंगीत तुकडे बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजतात.

पाश्चात्त्य पद्धतीचं क्विल्टिंग याहून वेगळं. तिथे मोजून कापलेले तुकडे पाव इंचाची शिवण सोडून जोडतात, पूर्ण पाख तयार करतात, मग मधे भरण आणि खाली अस्तर घालून गोधतात. भूमितीची आवड असणाऱ्याला ते फार आवडतं. तिथेही जुन्या कपड्यांच्या गोधड्यांची थोर परंपरा आहेच. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या विटक्या पँटी-शर्टांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्या भिंतींवर लागल्या, तेव्हा लोक थक्क झाले. त्यांत गुडघ्याला विटलेला फिका डाग, उसवलेल्या खिशाखालचा गडद चौकोन, हे सगळं तसंच ठेवलेलं आहे. कापडाच्या झिजेतूनच नक्षी निघालेली.

तुकड्यांच्या जोडणीचा आपल्याकडचा दाखला तर बुद्धकाळापर्यंत जातो. विनयपिटकात कथा आहे की मगधातल्या बांधांनी विभागलेल्या शेतांकडे पाहून बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी अशा मांडणीचं चीवर करता येईल का? आनंदाने ते केलं. कापून पुन्हा जोडलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, चोरालाही ते नको असतं, हा त्यातला व्यवहारी भाग. महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेलाच वेश आयुष्यभर पत्करला. गोधडेबुवा, चिंधेबुवा अशी नावं लोकांनी त्यांना दिली.

मशीनवर गोधडी शिवता येते का, असं बरेच जण विचारतात. येते, पण मशीन कसं चालतं ते समजून घ्यावं लागतं. मशीनचे दाते खालून कापड पुढे सरकवतात. वरचा थर प्रेशर फूटखाली दाबलेला असतो, त्याला ओढणारं कुणी नसतं. दोन थरांत हा फरक जाणवत नाही. पाच थरांत खालचा पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि ओळीच्या टोकाशी चुणी जमते. उपाय तीन आहेत: दाट टाचण, टाक्याची लांबी वाढवणं, आणि मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही कडांकडे जाणं, म्हणजे साचलेलं कापड बाहेर निघून जातं. हाताने, भुईवर ताणून शिवताना कडेपासून आत जाता येतं कारण तिथे प्रत्येक टाक्याला सगळे थर एकदम बोटांत असतात. मशीनवर दिशा उलटी करावी लागते. मला स्वतःला हातची गोधडी जास्त लवचीक वाटते. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, शिवण घट्ट बसते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, थोडा सरकतो, अंगाबरोबर वळतो. पिशवीला मात्र मशीनच हवं.

पिशव्यांचं आपलं घराणं मोठं आहे. खांद्यावर पुढेमागे लोंबणारी पडशी, भिक्षेची झोळी, कमरेला पैशाचा कसा, जपमाळेसाठी काटकोनात वळलेली गोमुखी. या सगळ्यांत मला चंची विशेष हुशार वाटते. पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता. यातलं पान ओलसर, तंबाखू कोरडी, चुना सांडला तर सगळ्याचा नाश. म्हणून एकाच लांबट कापडाला शेजारी शेजारी कप्पे, आणि सगळं भरून झालं की गुंडाळी करून वरून लांब नाडीने बांधायचं. कमरेला खोचलं की कप्पे आपोआप मिटलेले राहतात. आज तीच रचना सुया-कात्री-रिळांसाठी, रंगांच्या ब्रशांसाठी, प्रवासात चार्जर आणि तारा ठेवायला जशीच्या तशी चालते. नवशिक्याने पहिली पिशवी म्हणून चंचीच शिवावी असं मी सांगते. सगळ्या शिवणी सरळ आहेत, आणि कप्प्याचं माप ठेवायच्या वस्तूवरून घ्यायची सवय लागते.

बटवा त्याहून थोडा नाजूक. साधा बटवा म्हणजे २८ सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड आणि तेवढंच अस्तर. दोन्ही उलट बाजूने जोडून, लहान फट ठेवून, सुलट करायचं. कडेपासून ४ सेंटिमीटर आत दोन गोल शिवणी घालून नाडीची वाट करायची आणि तिला डावी-उजवीकडे एकेक फट ठेवायची. खुबी नाडीत आहे. एकच नाडी घातली तर बटवा एका बाजूला गोळा होतो आणि तोंड पुरतं मिटत नाही. पाऊण-पाऊण मीटरच्या दोन नाड्या घ्यायच्या. पहिली डावीकडच्या फटीतून घालून पूर्ण फेरा मारून डावीकडेच काढायची, दुसरी उजवीकडून उजवीकडे. दोन्ही बाजूंनी एकदम ओढलं की चुण्या सारख्या पडतात आणि तोंड घट्ट मिटतं.

बाजाराच्या पिशवीला थोडं गणित लागतं. ४० बाय ४० सेंटिमीटरची चपटी पिशवी शिवली आणि तिला तळ हवा असेल, तर खालचा प्रत्येक कोपरा शिवणीवर शिवण येईल असा त्रिकोणी दाबायचा आणि टोकापासून अशा जागी आडवी शिवण घालायची की ती शिवण १० सेंटिमीटर लांब भरेल. पिशवीला १० सेंटिमीटरचा तळ येतो, रुंदी ३० होते, उंची ३५. म्हणजे जेवढा तळ तेवढी रुंदी कमी आणि त्याच्या निम्मी उंची कमी, हे आधीच वाढवून कापायचं. बंद लावताना त्याचं टोक पिशवीच्या आत चांगलं खाली आणायचं, चौकोनी शिवण घालायची आणि चौकोनात फुली मारायची. पाच किलो कांद्यांचा भार एका ओळीवर आला तर ती ओळ सुटते किंवा कापड फाटतं. चौकोन-फुलीत तो भार कितीतरी जास्त टाक्यांत वाटला जातो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून बचत गटांनी शिवलेल्या कापडी पिशव्या जागोजागी दिसतात. त्यांपैकी कुठली टिकणार हे मी बंदाची शिवण बघून ठरवते.

खणाच्या पिशव्या आणि पर्स सध्या खूप चालतात. गुळेदगुड्डचा खण आहेच तसा मोहक. पण तो चोळीसाठी विणलेला, पन्ह्याला लहान आणि कापला की कडेने पटकन सुटणारा. त्याला अस्तर लावल्याशिवाय पिशवी करू नये, आणि कापण्याआधी कडेला अस्तरासकट एक टीप मारून घ्यावी.

हाताने शिवलेलं देण्याचे प्रसंग आपल्याकडे ठरलेले आहेत आणि ते शिवणाऱ्याला फार सोयीचे आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, म्हणजे वाण. घरोघरी कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा ढीग असतो, ते पुन्हा कुणाच्या तरी ओटीत जातात आणि फिरत राहतात. ९० बाय ८० सेंटिमीटरच्या एका पीसमध्ये वर सांगितलेल्या मापाचे सहा गोल बसतात. दोन पीस घेतले, एक बाहेरून आणि एक अस्तराला, की सहा बटवे. लग्नात रुखवत मांडतात, त्यात एखादी छोटी गोधडी, चंची, सासूबाईंना गोमुखी असं ठेवलं तर ते नंतर माळ्यावर जात नाही, रोज हातात येतं.

आणि बाळंतविडा. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची. कुंची म्हणजे टोपी आणि पाठीवरचा पदर एकातच. एक आयताकृती कापड, वरची कड मागे जोडून तिची टोपी, मानेशी चुण्या, खाली मोकळा घेर. बारशाला खणाची कुंची घालतात ती दिसण्यासाठी. रोजच्या वापराला आतून मऊ सुती हवं, कारण जरीची उलटी बाजू टोचते. दुपटं शिवायचं तर जुन्या मलमलीचे किंवा सुती साडीचे तीन थर, मीटरभर चौरस, चार बोटांवर एक ओळ, पुरे. बाळाच्या वस्तूला मणी, टिकल्या, सुटणारी बटणं, लांब नाड्या लावू नयेत. बाळ जे हातात येईल ते तोंडात घालतं. दुपटं गुंडाळून घ्यायला किंवा अंगाखाली घालायला चांगलं, झोपलेल्या तान्ह्यावर सैल टाकायला नको, ते तोंडावर सरकतं. भेट देताना हे दोन शब्द आईला सांगितलेले बरे.

शिवलेलं खरं तपासलं जातं ते धुताना. घटस्थापनेच्या आधी गावोगावी गोधड्या नदीवर, विहिरीवर, आता बोअरच्या हौदावर नेतात. सुती गोधडी इतकं पाणी पिते की एकटीला उचलत नाही. ती एका कोपऱ्याला धरून उचलली तर सगळा भार तिथल्या चार टाक्यांवर येतो आणि तिथेच ती उसवते. म्हणून पाण्यातच घडी घालून, दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, दोघींनी खालून हात घालून उचलायची आणि दोरीवर न टाकता खडकावर किंवा गच्चीत पसरून दोन्ही बाजूंनी कडक वाळवायची. थोडीही ओल आत राहिली तर हवेच्या जागी पाणी बसतं, ऊब जाते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. ठेवणीत घालताना घड्या दर वेळी बदलाव्यात. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी पडली की कापड तिथे चिरतं.

वरचं पाख फाटलं म्हणजे गोधडी संपली असं नाही. त्या वेळी जुने टाके उसवू नयेत, त्यांनी आतलं भरण अजून जागेवर धरलेलं असतं. फाटकी गोधडी धुऊन-वाळवून तशीच भुईवर पसरायची, तीच आता भरण. तिच्या खाली आणि वर नवं जुनेर ठेवायचं, कडेला चार बोटं जास्त घेऊन आत दुमडायचं आणि आधीच्या ओळींच्या मधल्या जागांतून नव्या ओळी घालायच्या. थर वाढल्यामुळे या खेपेला सुई नव्हे, दाभण लागेल, आणि अंगठ्याला अंगुस्तान.